विद्यापीठाच्या आवारातली चौतीस वर्षे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला इथे बोलायला उभे केले आहे ते आपल्या चिटणीसबाईंनी, तेव्हा काही कमीजास्त झाले तर त्याचा जाब त्यांना विचारावा. मी काही भाषण करणारी बाई नव्हे. मागे भिशीच्या दिवशी सहज बोलताना मी म्हणाले, की चौतीस वर्षे विद्यापीठात काढली. तर शेजारच्या बाईंनी पदर सावरला आणि मला एकदम "आपण" म्हणायला सुरुवात केली. "आपण कोणता विषय शिकवीत होतात?" मी म्हणाले, "अहो, मी काय शिकवणार! आमचे हे तिथे वायरमन होते." सगळ्या हसल्या, मीही हसले. आणि चिटणीसबाई म्हणाल्या, "हेच तुम्ही वर्धापनदिनाला सांगा."

म्हणून आधीच सांगून ठेवते. विद्यापीठातल्या ज्ञानाच्या गोष्टी ऐकावयाच्या असतील तर पुढच्या वर्षी कोणा प्राध्यापकांना बोलवा. मी सांगणार ती मागच्या दाराची हकीकत आहे. चौतीस वर्षांतली पहिली अकरा वर्षे तर मी विद्यापीठात राहून तिथल्या एकाही वर्गात किंवा वाचनालयात पाऊल टाकलेले नव्हते. आमच्या खोल्यांपासून जयकर ग्रंथालय पायी दहा मिनिटांवर होते. दहा मिनिटांच्या वाटेला मला अकरा वर्षे लागली.

माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. १९७९ सालच्या जूनमध्ये लग्न झाले. वडिलांनी स्थळ बघताना तीनच गोष्टी पाहिल्या होत्या : मुलगा निर्व्यसनी, नोकरी कायम आणि घर पुण्यात. एस.टी.ने शिवाजीनगरला उतरलो, तिथून पी.एम.टी.ची बस धरून विद्यापीठाच्या फाटकाशी आलो. दिवस मावळला होता. हातात ट्रंक, डोक्यावर पदर आणि पुढे हे. फाटकातून आत शिरलो ते चालतोच आहोत, चालतोच आहोत. दोन्ही अंगांना वड, चिंचा, आणखी नावे ठाऊक नसलेली झाडे. दिवा कुठे लांब एखादा. मध्येच मोर ओरडला. माझ्या मनात आले, पुण्यात देतो म्हणून सांगितले आणि रानात आणून सोडले की काय!

सकाळी कळले की हे सारे मिळून ४११ एकरांचे आवार आहे. माझ्या वडिलांची जमीन साडेतीन एकर, तीही दोन ठिकाणी. ४११ एकरांत नांगर नाही, पेरणी नाही, खळे नाही, आणि तरी इतकी माणसे त्यावर जगतात, हे कोडे मला पुष्कळ दिवस सुटले नव्हते. मग ह्यांनी एका रविवारी मला मुख्य इमारत बाहेरून दाखवली. तो उंच मनोरा, ती कमानींची ओळ. मला तो कोणा राजाचा वाडा वाटला, आणि ते अगदीच चूक नव्हते. मुंबईच्या गव्हर्नरने पावसाळ्यात येऊन राहावे म्हणून हा बंगला बांधला. काम १८६४ साली सुरू झाले ते १८७१ साली संपले. स्वातंत्र्यानंतर ही जागा नव्या विद्यापीठाकडे आली. विद्यापीठाचा स्थापनादिन १० फेब्रुवारी १९४९ हा मानतात. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. ग्रंथालयाला नाव त्यांचेच आहे. हे सगळे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, मी विचारलेही नाही. तेव्हा मला एवढेच कळले, की त्या मनोऱ्यावरचा दिवा गेला की आमच्या ह्यांना बोलावणे येते.

बाहेरच्या माणसाला विद्यापीठ म्हटले की मुले आणि प्राध्यापक दिसतात. आत राहणाऱ्याला ते एक मोठे गाव दिसते. त्या गावात बंगले आहेत, प्राध्यापकांची घरे आहेत, मुलांची व मुलींची वसतिगृहे आहेत, आणि कडेला आमच्यासारख्या सेवकांच्या खोल्या. पोस्ट आहे, बँक आहे, दवाखाना आहे. कुठल्याही गावात असते तशी कोण कुणाच्या घरी चहाला जाते याची रीतही आहे. ती कुठे लिहिलेली नसते पण सर्वांना पाठ असते. आमच्या ओळीत माळी होते, शिपाई होते, प्रयोगशाळेत काम करणारे होते, एक ड्रायव्हर होते. बायका पहाटे नळावर भेटत. कोणत्या विभागात काय चालले आहे ते वर्तमानपत्राच्या आधी तिथे कळे.

गावाला पंचांग असते तसे ह्याही गावाला होते, पण ते निराळे. चैत्र आला की बाहेर हळदीकुंकू, आमच्याकडे परीक्षा. आषाढात बाहेर वारी, आमच्याकडे प्रवेशाच्या रांगा. मे महिन्यात वसतिगृहे रिकामी होत आणि साऱ्या आवारात इतकी शांतता पसरे की भर दुपारी मुंगूस रस्त्याच्या मधोमध बसून इकडेतिकडे बघत असे. तेवढा एक महिना ते गाव आमचे. मुले रस्त्यावर क्रिकेट खेळत, आम्ही बायका अंगणात कुरडया घालत असू. जूनमध्ये पुन्हा बिछाने, बादल्या आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन नवी मुले उतरत. त्यांचे तोंड पाहूनच कळे की ह्याने रात्रीपासून काही खाल्लेले नाही.

ह्यांच्या कामाला वेळकाळ नसे. परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला वसतिगृहाचा फ्यूज जाई आणि चार मुले सायकलवरून दारात येत. "काका, उद्या पेपर आहे हो!" हे उठत, टॉर्च घेत, निघत. एकदा मीटरच्या पेटीत हात घातला तर आत धामण वेटोळे घालून बसलेली. त्या दिवसापासून पेटी उघडण्याआधी काठीने ठोकायची, हा ह्यांचा नियम झाला. चंदनचोरांची तर गंमतच. रात्री पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या ऐकू येत, आणि सकाळी पाहावे तर झाडाच्या जागी बुंधा.

त्या काळी धुळे-जळगावकडची कॉलेजेही पुण्याच्या विद्यापीठात होती. १९९० साली जळगावला निराळे विद्यापीठ झाले. त्यामुळे खानदेशापासून माणसे कामाला येत. धोतर नेसलेले म्हातारे वडील, हातात मुलाची गुणपत्रिका, काखेत भाकरीचे गाठोडे. "बाई, ते परीक्षेचं हापिस कुठं?" मी रस्ता सांगे, पाणी देई. दोनदा तर काम दुसऱ्या दिवसावर गेले म्हणून असे पाहुणे आमच्या ओट्यावर झोपले आहेत. एका आजोबांनी निघताना मला विचारले, "पोरी, तू इथंच राहतीस. तू किती शिकलीस?" मी म्हणाले, "दहावी." ते म्हणाले, "मग पुढं?" मला उत्तर आले नाही. मी त्यांना चहा दिला.

मला कोणी अडवले होते असे समजू नका, भगिनींनो. वाचनालयाच्या दारावर वायरमनच्या बायकोला मज्जाव, अशी पाटी कधीच नव्हती. तशी पाटी असती तर कदाचित मी भांडले असते. परंतु पाटी नव्हती, आणि तरीही त्या दगडी पायऱ्यांशी आले की माझी वाट आपोआप डावीकडे वळे. ती माझी जागा नव्हे, हे मी स्वतःच ठरवून टाकले होते.

पुढे पोरे झाली. १९८१ साली मुलगा, १९८४ साली मुलगी. पगारात भागेना, म्हणून १९८६ सालापासून मी मुलींच्या वसतिगृहातल्या चारजणींना डबा देऊ लागले. खरे विद्यापीठ मला कळले ते त्या डब्यांमुळे. डब्यातली भाजी किती उरते यावरून मुलीचे दिवस कसे चालले आहेत हे मला कळू लागले. घरचे पत्र आले नाही की वरण तसेच परत येई.

त्यात एक मुलगी मॉरिशसची होती. काळीसावळी, आपल्यासारखीच दिसणारी, पण मराठी बोलायला लागली की आपल्या आज्यांचे शब्द बोले. तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर काम करायला जहाजाने गेले होते, आणि तिकडे अजून गणपती बसवतात. आपल्या पूर्वजांची भाषा नीट शिकावी म्हणून ती समुद्र ओलांडून पुण्याला आली होती. पहिल्या चतुर्थीला मी तिला उकडीचे मोदक नेऊन दिले, तर ती दारातच बसून रडली. मोदक मला फारसे जमत नाहीत, घाटावरची आहे मी. पण तिला ते कळले नसावे.

सकाळच्या वेळी बागेत खुरपी घेऊन बसलेली मुले दिसत. ती "कमवा व शिका" योजनेतली. दोन-तीन तास काम करायचे, त्याचे तासावर पैसे, आणि मग अंघोळ करून तासाला. दुष्काळी भागातली असत बरीचशी. माती कशी धरावी हे त्यांना शिकवावे लागत नसे. त्यातला एक मुलगा संध्याकाळचे जेवण टाळतो हे शेजारच्या माळीणबाईंच्या लक्षात आले. त्यांनी काही विचारले नाही. "आमच्याकडे भाकरी उरतात, रोज वाया जातात," असे म्हणून त्याला दोन वर्षे जेवू घातले. भाकरी कुठल्या उरतात हो चार पोरांच्या घरात! पुढे तो मुलगा कॉलेजात शिकवू लागला, आणि पहिल्या पगाराची साडी घेऊन आला. साडीचा रंग भडक होता. माळीणबाई तरीही ती दर दसऱ्याला नेसत.

आता १९९० सालची गोष्ट सांगते, तिच्यासाठीच हे सगळे सांगत आले. परीक्षा तोंडावर आल्या होत्या, म्हणून ग्रंथालयाच्या वाचनकक्षातले पंखे दुरुस्त करण्याचे काम तातडीने निघाले होते. हे सकाळी डबा विसरून गेले. दुपारी मी डबा घेऊन गेले. दारातल्या पहारेकऱ्याने मला पाहिले आणि म्हणाला, "वायरमनच्या वहिनी का? जा की आत." इतके सोपे होते ते.

आत गेले तर लांबच लांब टेबले, आणि माणसे खाली मान घालून वाचत बसलेली. पंखे बंद, सगळ्यांच्या कपाळावर घाम, पण उठत कोणी नाही. आमचे हे एका कोपऱ्यात शिडीवर. वरूनच हळू आवाजात म्हणाले, "ठेव तिथं, आलो." मी डबा खाली ठेवला आणि उभी राहिले. तेवढ्यात माझी नजर समोरच्या टेबलाकडे गेली. तिथे एक बाई लिहीत बसल्या होत्या. माझ्याहून वयाने पुष्कळ मोठ्या, केस पिकलेले, सुती पातळ, चष्मा. त्यांच्या चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या होत्या आणि त्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या, आपण घरी बसतो तशा. मला काय वाटले ते नीट सांगता येत नाही. त्या चपलांकडे मी पाहतच राहिले.

शेजारची खुर्ची रिकामी होती, मी टेकले. समोर कोणीतरी पुस्तक उघडे टाकून गेले होते, मराठी होते, मी वाचू लागले. जमिनीवरच्या शेतसाऱ्यासंबंधी होते ते. साऱ्याच्या गोष्टी मी आजोबांच्या तोंडून ऐकल्या होत्या, त्यामुळे निम्मे मला कळले. उरलेले निम्मे कळेना, आणि त्याचा मला राग आला. ते मला कळावयास हवे होते, आमच्याच घरच्या गोष्टी होत्या त्या. हे शिडीवरून उतरून डबा खाऊन पुन्हा वर चढले तरी मी तिथेच होते.

त्या रात्री डबे पोहोचवताना मी चारजणींतल्या एकीला विचारले. ती चोपड्याकडची, इतिहासात संशोधन करीत होती. "दहावीनंतर घरी बसून पुढचे शिकता येते का ग?" तिने तोंडातला घास तसाच ठेवून सांगितले, "वहिनी, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. बारावी बाहेरून. मग बी.ए. बहिःस्थ." जणू काही ही यादी तिने माझ्यासाठी करूनच ठेवली होती.

घरी सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात परीक्षा? पोरं हसतील." हे दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोडीत निघालेल्या सामानातून जोडलेला एक टेबललॅम्प घेऊन आले, विद्यापीठाच्या भंगारातला नव्हे, जुन्या बाजारातून आणलेला, हे मुद्दाम सांगते. तो फळीवर ठेवला, लावून पाहिला आणि म्हणाले, "पोरांच्या डोळ्यावर उजेड येत नाही ना बघ." आमच्याकडे एक टेबल नव्हते, पण दिव्याची कमतरता कधीच नव्हती.

सरळ पास झाले असे समजू नका. १९९२ सालच्या मार्चमध्ये इंग्रजीत नापास झाले. नळावर सगळ्यांना कळले. आठ दिवस मी पहाटे चारला पाणी भरून घेई, कोणी भेटू नये म्हणून. ऑक्टोबरात पुन्हा बसले आणि सुटले. मग बी.ए. चारातले दोन डबे बंद करावे लागले, म्हणजे घरात येणारे पैसे निम्मे झाले. त्यावरून आमच्यात भांडणे झाली नाहीत असे सांगितले तर ते खोटे होईल. सासूबाई कुरकुरत, आणि कुरकुरतच लसूण सोलून ठेवीत. पुस्तके ती चोपड्याची मुलगी आणून देई, आणि रविवारी येऊन विचारी, "कुठवर आलं?" माझी मुलगी तेव्हा सहावीत होती, तिनेही तेच शब्द उचलले. मी कढईशी उभी असले तरी मागून आवाज येई, "आई, कुठवर आलं?"

इतिहास घेतला होता. वाचता वाचता एक दिवस १८९७ साल आले. पुण्यात प्लेग होता. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षे झाली म्हणून गणेशखिंडीच्या गव्हर्नरच्या बंगल्यात समारंभ झाला. तिथून परतताना प्लेगचा अधिकारी रँड आणि त्याच्यामागच्या गाडीतला आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे. पण तो बंगला म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जिचा मनोरा दिसतो ती इमारत, हे माझ्या लक्षात कधी आलेच नव्हते. आणि त्याच प्लेगात, त्या समारंभाच्या तीन महिने आधी, १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाच तो रोग झाला होता. मी पुस्तक मिटून खिडकीशी उभी राहिले. बंगल्यात रोषणाई झाली तेव्हा सावित्रीबाईंना जाऊन साडेतीन महिने झाले नव्हते. मग दूध उतू गेले, आणि मला शुद्ध आली.

१९९६ साली मार्चमध्ये मुलाची दहावी आणि एप्रिलमध्ये माझे बी.ए.चे शेवटचे वर्ष. एका दिव्याखाली दोघे. तो म्हणे, "आई, तू पान उलटताना आवाज करतेस." दोघेही पास झालो. मला दुसरा वर्ग मिळाला, आणि त्याने ताबडतोब सांगितले की टक्के त्याचे जास्त आहेत.

पदवीचे प्रमाणपत्र मी पोस्टाने मागवले. पदवीदान समारंभाला जायचे म्हणजे नवे पातळ आले, आणि शिवाय समारंभाच्या मांडवातले दिवे आमच्या ह्यांच्याकडे. ते खाली उभे असताना मी वर खुर्चीवर बसावे हे मला बरे वाटेना. आज वाटते, जायला हवे होते. असो. तर ते प्रमाणपत्र माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या इमारतीत तयार झाले, गणेशखिंडीच्या पोस्टात गेले, आणि पोस्टमन ते सायकलीवरून आमच्या दारात घेऊन आला. विद्यापीठातून विद्यापीठात. पोस्टमनने सही घेतली, पाकिटावरचे नाव वाचले आणि म्हणाला, "मुलाचं आहे का?" सासूबाई आतून ओरडल्या, "मुलाचं नाही, सुनेचं आहे!" ते ओरडणे आमच्या ओळीत सर्वांनी ऐकले.

तोवर आवार बदलू लागले होते. १९८८ साली जयंत नारळीकरांनी तिथे आयुका सुरू केली. चार्ल्स कोरियांनी बांधलेली ती काळ्या दगडाची वास्तू पाहायला लांबून माणसे येत. संगणकवाल्यांची संस्थाही त्याच सुमारास आली आणि १९९१ साली त्यांनी परम नावाचा महासंगणक केला. मला त्यातले कळले एवढेच, की त्याला वीज एक क्षणसुद्धा जाऊन चालत नसे. न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाचे कलमही आयुकात आणून लावले होते. त्याला फळेही धरली, पण पुण्याची हवा त्याला मानवली नाही. आमच्या ओळीतले माळीकाका ते आधीपासून सांगत होते, पण त्यांना कोण विचारतो!

गोविंद स्वरूप यांच्या रेडिओ दुर्बिणीवाल्यांचीही संस्था तिथेच आली, आणि दुर्बिणी मात्र उभ्या राहिल्या माझ्या माहेरच्या तालुक्यात, खोडदला. तीस मोठमोठ्या तबकड्या, एकेक पंचेचाळीस मीटर रुंद. माझे वडील शेताच्या बांधावरून त्या बघत आणि मला विचारीत, "तुमच्या विद्यापीठातली माणसं आमच्या इथं काय ऐकतात ग?" मी मुलीला विचारून सांगे. ती महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आयुकात शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होत त्यांना जाई. नारळीकर मुलांना सही देत नसत. म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून देईन. आमच्या कन्येने प्रश्न पाठवला आणि उत्तर आले, सहीसकट. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेल्याचे कळले तेव्हा तिने परगावाहून फोन केला, तो पहिला प्रश्न हाच, "आई, ते कार्ड आहे ना जपून?" आहे. माझ्या पदवीच्याच पाकिटात आहे.

२०१३ साली हे निवृत्त झाले. नोकरी संपली की घर सोडायचे, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, त्यात कोणाचा दोष नाही. पण भगिनींनो, ठाऊक असणे निराळे. चौतीस वर्षांत त्या भिंतीत मारलेला एक खिळाही आपला नव्हता, हे सामान बांधताना कळते. प्राध्यापकांनाही घर सोडावे लागते, पण त्यांची पुस्तके राहतात, विद्यार्थी राहतात, कुठे कुठे तर तसबीरही लागते. पंखा कोणी दुरुस्त केला होता हे कोणत्या नोंदीत सापडायचे? सासूबाई त्याच घरात गेल्या. दारातली पोरांची उंची मोजलेली रेघोट्यांची चौकट मी ओल्या फडक्याने पुसायला घेतली आणि मग राहू दिली. अंगणात मी लावलेला कढीपत्ता माझ्या डोक्याच्या वर गेला होता, तो कुठे नेणार? हे शेवटच्या दिवशी रिकाम्या घरात एकटेच परत गेले. मला वाटले, काही विसरले असतील. तर स्वयंपाकघरातला जुना दिवा काढून नवा लावून आले. म्हणाले, "येणाऱ्याला पहिल्या रात्री अंधार नको."

पुढच्याच वर्षी, २०१४ साली, विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. माझ्या प्रमाणपत्रावर नुसते पुणे विद्यापीठ आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत मुख्य इमारतीच्या आवारात सावित्रीबाईंचा पुतळाही बसला. म्हणजे गव्हर्नरच्या बंगल्यापुढेच. तेव्हापासून ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, मी तिथे जाऊन येते. आता फाटकाशी काही ओळखू येत नाही. चौकातला पूल बांधला आणि २०२० साली पाडलाही, रस्त्यावरचे जुने वड गेले. पण आत शिरले की दहा पावलांत पुन्हा तीच सावली लागते. झाडांखाली स्पर्धा परीक्षांची मुले पुस्तके घेऊन बसलेली असतात. पाण्याची बाटली शेजारी, चपला बाजूला काढून ठेवलेल्या.

यंदाही गेले होते. पुतळ्याला हात जोडले आणि परतताना, कधी जात नाही ती, आमच्या जुन्या घरावरून गेले. दार उघडे होते. आत एक तरुण सून, कडेवर पोर. "कोण पाहिजे?" मी म्हणाले, "कोणी नाही ग, मी इथे राहत होते." तिने मला आत बोलावले, चहा केला. रेघोट्यांच्या चौकटीवर रंग दिला आहे, पण नीट पाहिले तर रंगाखाली उंचवटे दिसतात. मी विचारले, "किती शिकलीस?" म्हणाली, "बारावी." आणि मग त्या खानदेशातल्या आजोबांचे शब्द माझ्या तोंडून निघाले, "मग पुढं?"

तिने खिडकीकडे पाहिले आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेतले. मी तिला ग्रंथालयाची वाट सांगू लागले, तर म्हणाली, "ठाऊक आहे की, दहा मिनिटांवर आहे." मी माझा नंबर लिहून दिला, फॉर्म कुठे मिळतो, तारखा काय, सगळी चौकशी करून ठेवते म्हणाले, आणि ती करून ठेवलेली आहे. अजून तिचा फोन आलेला नाही. निघताना तिने अंगणातला कढीपत्ता पिशवी भरून तोडून दिला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण जे पोहे खाल्ले आणि ज्यांची फोडणी सर्वांना इतकी आवडली, त्यांत तोच होता.